मेट्रनची सात दिवसांची रजा

गल्लीत कुणालाही तिचं खरं नाव विचारा, तो आधी डोकं खाजवील आणि मग म्हणेल, "कोण, मेट्रन होय?"

हे नाव म्हणजे दवाखान्यातल्या कंपाउंडरची देणगी. एकदा त्यानं औषधाच्या पुडीवर 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांची ही पोर काउंटरवर पुडी आपटून म्हणाली, "काका, आधी म्हणजे किती आधी? परवाच्या जेवणाआधी दिली तर चालेल?" मागे डॉक्टर उभे होते, ते खो खो हसले. कंपाउंडरनं त्या दिवसापासून तिला मेट्रन म्हणायला आणि प्रत्येक पुडी दोनदा वाचायला सुरुवात केली.

आता ती सतरा वर्षांची होती. केस आखूड कापलेले, कारण विंचरायला वेळ कुणाला आहे? चालताना मान जरा मागे वळलेली, कारण एक कान कायम घराकडे. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा बाप. आई ती लहान असतानाच गेलेली. बाप चोवीस वर्षं बसचा कंडक्टर होता. गल्ली त्याला अजून कंडक्टरच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी रजेवर गेले, ते परत कामावर रुजू झालेच नाहीत.

वाचा गेली म्हणणंही तसं बरोबर नाही. जाताना ती दोन शब्द दारात विसरून गेली होती. ते म्हणजे 'पुढे सरका'.

चोवीस वर्षं दिवसातून पाचशे वेळा म्हटलेले शब्द. ते जिभेला असे चिकटले होते, की झटक्यालाही खरवडून काढता आले नाहीत. भूक लागली की कंडक्टर म्हणायचा, "पुढे सरका." पाठ दुखली की, "पुढे सरका." डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हाही तेच म्हणाला, आणि डॉक्टर बिचारे खरंच सरकले. आत्या भेटायला आली आणि पदर डोळ्याला लावून अर्धा तास रडली. शेवटी कंडक्टरनं छताकडं बघत "पुढे सरका, पुढे सरका" असं दोनदा सांगितलं, तर ती जी रुसून गेली ती आठ महिने फिरकली नाही. मेट्रनला मात्र या दोन शब्दांचे अकरा प्रकार कळायचे. सूर चढला की तहान, उतरला की झोप, मध्येच तुटला तर मोरी, तीही ताबडतोब.

बाकीचं काम घंटीवर चालायचं. डेपोतल्या दोस्तांनी भंगारात निघालेल्या एका बसची पितळी घंटी दोरीसकट काढून आणली होती आणि कंडक्टरच्या खुर्चीच्या डोक्यावर भिंतीत ठोकून दिली होती. बसचाच कायदा घरात लागू झाला. एक टोला म्हणजे थांबा, नको. दोन टोले म्हणजे चला, होऊ द्या. सलग घणघणाट म्हणजे हातातलं टाकून धाव.

आणि रोज संध्याकाळी पाचला पत्ते. बदाम सात. खेळ सोपा. सत्तीवर अठ्ठी, अठ्ठीवर नव्वी, खाली सहा, पंजा असं लावत जायचं. पान बसत असेल तर लावायचंच, नसेल तरच 'पास' म्हणायचं. हातातली पानं ज्याची आधी संपतील तो जिंकला. कंडक्टरच्या एका हातात सव्वीस पानं मावायची नाहीत, म्हणून मेट्रननं त्याची जुनी तिकिटांची पत्र्याची पेटी काढली होती. तिकिटांच्या खाचांमध्ये पत्ते असे ऐटीत उभे राहायचे की बघत राहावं. तीन वर्षांत कंडक्टर एकही डाव हरला नव्हता. कारण मेट्रन त्याला हरू देत नव्हती. हातात पान असूनही ती "पास" म्हणायची, मुद्दाम वाट मोकळी करून द्यायची आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणायची, "बाबा, तुमच्यापुढं कुणाचं काही चालत नाही हो!" आजारी माणसाला हरवायला काळीज दगडाचं लागतं. तिचं तसं नव्हतं.

आता ही सुट्टीची भानगड कशी उपटली ते ऐका. बारावीची परीक्षा चालू होती. पेपर संपायला दहा मिनिटं असताना शिपायानं वर्गाबाहेरची घंटी घणघण वाजवली. मेट्रन पेन टाकून उठली आणि जिना उतरून फाटकापर्यंत पोचली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की ही घंटी आपल्या घरची नव्हे. जीवशास्त्राच्या बाईंनी तिला परत आणून बाकावर बसवलं आणि पेपर झाल्यावर सगळं खोदून खोदून विचारलं. आठवड्याभरात बाई एका संस्थेचा कागद घेऊन घरी हजर. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या पोरांसाठी उन्हाळ्यात तळ्याकाठी सात दिवसांचं शिबिर. तेवढे दिवस घरी संस्थेचं माणूस येऊन राहणार.

"मला जमायचं नाही बाई," मेट्रन म्हणाली. "माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही."

"आपण त्यांनाच विचारू की," बाई म्हणाल्या आणि कंडक्टरकडं वळल्या. "पोरीला सात दिवस पाठवू का हो?"

वाक्य पुरं व्हायच्या आत दोन टोले पडले.

"त्यांना प्रश्न कळला नाही," मेट्रन म्हणाली.

"बरं. मग नको ना पाठवू?"

एक टोला. एवढ्या जोरात की भिंतीचा पोपडा पडला.

बाईंनी मेट्रनला दाराबाहेर घेतलं. बाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी मेट्रननं दुसऱ्या कुणालाही सांगितली नव्हती. तिला डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं. सगळं जग तिला नर्स करायला टपलं होतं, आणि तिला इंजिनं आवडायची. इंजिन 'दुखतंय' म्हणत नाही, आणि नट आवळला की आवळलेला राहतो. दोन वर्षांचा कोर्स होता, रेल्वेनं चार तासांवर, वसतिगृहात राहून. फॉर्म भरायची शेवटची तारीख शिबिर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

"संस्था पुढंही घरी माणूस देते," बाई म्हणाल्या. "पण आधी तुला सोडता आलं पाहिजे. सात दिवस जमले नाहीत, तर दोन वर्षं कशी जमतील?"

मेट्रननं मनाशी ठरवून टाकलं. सात दिवस बाबा नीट राहिले तर फॉर्म भरायचा. एक जरी गोष्ट बिघडली, तर फॉर्म चुलीत. कोरा फॉर्म तिनं घडी घालून एका वहीच्या पुठ्ठ्यात सरकवला.

ही वही म्हणजे काय प्रकरण होतं, ते संस्थेनं बदलीवर पाठवलेल्या मावशीलाच विचारावं. एक्याण्णव पानं. पुढं अनुक्रमणिका. लाल पेन्सिलीनं धोके, निळ्या पेन्सिलीनं सवयी. पान सतरा, 'पुढे वाकू देऊ नये'. पान तीस, 'अंडं किती मिनिटं'. पान चव्वेचाळीस, 'उशीचा कोन', आकृतीसह.

मावशी साठीची, अंगानं भक्कम. दवाखान्याच्या वॉर्डात आयुष्य काढलेली बाई. आली ती चपला काढून खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "चहा कोण करतं इथं?"

मेट्रननं चहा केला आणि कपाबरोबर वही ठेवली. "वाचा. तासाभरानं तोंडी घेते."

मावशीनं वही हातात घेऊन वजन केलं. "अगं, बाप आहे का बोईलर?"

"कूस किती वेळानं बदलायची?"

"तो कुरकुरला की."

"चूक. दर दोन तासांनी. दूध किती गरम?"

"तोंड भाजणार नाही इतपत."

"चूक! बोट घालून चारपर्यंत मोजता आलं पाहिजे. पान बारा."

"पोरी," मावशी कप खाली ठेवत म्हणाली, "माझ्या हातून आजवर एकच माणूस निसटलंय. माझा नवरा. तोही पायांनी चालत गेला. तू जा."

शिबिराची व्हॅन दारात आली. मेट्रन चढली आणि तीनदा उतरली. एकदा सांगायला की गोळ्या निळ्या डबीतल्या, हिरव्या नव्हे. एकदा गरम पाण्याच्या पिशवीचं बूच तपासायला. तिसऱ्यांदा उतरून नुसतीच उंबऱ्यात उभी राहिली. तेव्हा मावशीनं "अगं जा की बये!" म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

शिबिराच्या फाटकावर भली मोठी पाटी होती, 'इथं कुणी कुणाचं काही करायचं नाही'. ती शिट्टीसरांनी लावली होती. कवायतीचे निवृत्त मास्तर, गळ्यात कायम शिट्टी, व्हॅनही तेच चालवायचे. त्यांना वाटलं होतं, दमलेली पोरं आहेत, दहा वाजेपर्यंत लोळतील. पहिल्याच सकाळी साडेपाचला चौदाच्या चौदा पोरं टक्क जागी. सहापर्यंत भांडी घासून झाली, भाजी चिरून झाली आणि सगळ्या गाद्या उलट्या करून उन्हात पडल्या. सात वाजता आचारी आला, चकाकणारा ओटा बघून गपकन पायरीवर बसला आणि सरांना म्हणाला, "काढून टाकायचं होतं तर तोंडावर सांगायचं साहेब. असा अपमान नको."

पोरं एकेक नग होती. एका मुलीचा धाकटा भाऊ आंधळा होता. तिला सगळं मोठ्यानं सांगत चालायची सवय. "पुढे पायरी. डावीकडे खांब. आता ओलं आहे हं." तिचं नावच पायरी पडलं. एका पोराच्या आईचे हात संधिवातानं आखडलेले. तो जेवायला बसला की शेजाऱ्याच्या ताटातलं सगळं बारीक चिरून ठेवायचा. त्याचं नाव कातर. आणखी एकाच्या आजोबांना काही आठवत नसे. तो रोज सकाळी खोलीत आला की हात जोडून म्हणायचा, "मी तुमचा नातू. घाबरू नका." पहिल्या दिवशी सगळे घाबरले. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव नातू पडलं आणि सगळे "ये बाळा" म्हणायला लागले.

पण खरी कमाल झाली रस्सीखेचीत. सरांनी सात-सात पोरांचे दोन संघ केले, मधोमध रुमाल बांधला, शिट्टी मारली. दोरी जागची हलेना. पाच मिनिटं गेली. सर जवळ जाऊन बघतात तर दोरी झोळीसारखी सैल लोंबतेय. दोन्ही बाजूची पोरं तोंडानं "हुं हुं" करतायत आणि हळूच दोरी समोरच्यांकडं सोडतायत.

"अरे ओढा की!" सर किंचाळले.

"सर, त्यांच्यातला तो बारका आहे ना, त्याच्या हाताला घट्टे आलेत," मेट्रन म्हणाली.

"आणि तुमच्या ताईला दम लागलाय," पलीकडून कातर म्हणाला. "तुम्ही जिंका ना. आम्हाला काही नाही."

"नको, तुम्हीच जिंका."

"छे छे, तुम्ही!"

सर वाळूत फतकल मारून बसले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खेळात मारामाऱ्या सोडवल्या होत्या, पोरांची दातखीळ सोडवली होती. पण हरण्यावरून भांडणं पहिल्यांदाच पाहत होते.

रोज दुपारी चार वाजता सरांच्या फोनवरून घरी पाच मिनिटं बोलायला मिळायचं. पहिले तीन दिवस मावशी "मजेत आहे तुझा बोईलर" म्हणायची आणि फोन घंटीपाशी धरायची. दोन टोले. तरी मेट्रनचं समाधान होईना. "टोले फार पटकन आले," ती पायरीला म्हणाली. "विचार न करता दिल्यासारखे. मला पटत नाहीत."

चौथ्या दिवशी फोन लागला. मावशी म्हणाली, "थांब गं जरा, आता नको," आणि फोन कुठंतरी ठेवून दिल्याचा आवाज आला. मग काहीतरी पत्र्याचं दाणकन पडलं. आणि एक पुरुषी, घोगरा, फाटका आवाज ओरडला, "लबाड! लबाड!" पुन्हा काहीतरी आपटलं. फोन बंद.

घरात परका पुरुष! भांडतोय! आणि बाबा खुर्चीतून उठू शकत नाहीत. पुन्हा फोन लावला तर कुणी उचलेना. मेट्रननं पिशवीत कपडे कोंबले आणि फाटकाकडं निघाली. चालता चालता फॉर्म आठवला. संपलं. चार दिवसही धड टिकलं नाही. जाताक्षणी चुलीत.

ती एकटी निघाली होती खरी. पण ही पोरं कुणाला एकटं जाऊ देतील तर शपथ. कातरनं पिशवी काढून घेतली. कुणी पाण्याची बाटली आणली, कुणी डोक्यावर छत्री धरली. पायरी पुढं होऊन "खड्डा आहे, उजवीकडून ये" सांगायला लागली. नातू म्हणाला, "घाबरू नका, मी आहे." सर शिट्टी फुंकत मागून धावत आले, तेव्हा फाटकाबाहेर चौदा पोरांची रांग बसथांब्याकडं निघाली होती, आणि मधोमध छत्रीखाली मेट्रन, एखाद्या मिरवणुकीतल्यासारखी.

"कुठं निघाली ही वरात?"

"सर, घरात माणूस शिरलाय," मेट्रन म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. लगेच सात रुमाल पुढं आले.

सरांनी एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा पाटीकडं पाहिलं. "बसा व्हॅनमध्ये," ते म्हणाले. "सगळे बसा. नाहीतर तुम्ही चालत याल, ठाऊक आहे मला."

आठ जणांच्या व्हॅनमध्ये चौदा पोरं. तासाभराचा रस्ता सरांनी चाळीस मिनिटांत कापला. गल्लीत व्हॅन थांबते न थांबते तोच मेट्रन उडी मारून दाराशी पोचली. दार नुसतं लोटलेलं. तिनं फटीतून आत डोकावलं आणि तिथंच खिळली.

टेबलाच्या एका बाजूला मावशी मांडी घालून खुर्चीत बसलेली, हातात पत्ते. दुसऱ्या बाजूला कंडक्टर, समोर तिकिटांची पेटी. परका पुरुष वगैरे कुणी नाही. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली एक्याण्णव पानांची वही सरकवलेली. टेबल काय घट्ट उभं होतं!

"पास," मावशी म्हणाली.

कंडक्टरचं तोंड लालबुंद झालं. "ल... लबाड!" तो गरजला. तोच घोगरा, फाटका आवाज. 'पुढे सरका'खेरीज तीन वर्षं वापरात नसलेला, गंजलेला, म्हणून पोटच्या पोरीला ओळखू आला नव्हता. "लबाड!"

"काय लबाड? नाही माझ्याकडं किलवरची अठ्ठी."

कंडक्टर पुढं वाकला. पान सतरा, लाल पेन्सिल! पण तो पडला नाही. टेबलावर छाती टेकवून त्यानं डावा हात लांब केला, मावशीच्या पत्त्यांतून बरोबर एक पान उपसलं आणि टेबलावर आपटलं. किलवरची अठ्ठी. मावशी तोंडाला पदर लावून गदागदा हसायला लागली. "मेलं, काल पण ओळखलंस, आज पण! काय डोळे आहेत का दुर्बीण?"

मेट्रन दाराशी उभी, आणि तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. खेळणारे दोघंच. पत्ते बावन्न. सव्वीस इकडं, सव्वीस तिकडं. जे पान आपल्या पेटीत नाही, ते समोरच्याच्या हातात असणार, त्याला दुर्बीण कशाला हवी? कंडक्टरला मावशीचं प्रत्येक पान ठाऊक होतं. म्हणजे तीन वर्षं रोज संध्याकाळी पोरगी हातात पान असून "पास" म्हणत होती, तेही ठाऊक होतं. तीन वर्षं मनुष्य गुपचूप जिंकत होता. पोरीचं मन मोडू नये म्हणून.

तिचे कान तापले. आधी शरमेनं, मग रागानं. आपण उशीचा कोन मोजला, दुधात बोट घातलं, बापाला फुलासारखं जपलं, आणि त्याच्या तोंडून नवा शब्द काढला कुणी? तर चार दिवसांपूर्वी आलेल्या या लबाड बाईनं!

ती आत पाऊल टाकणार, तोच कंडक्टरनं मान वर केली. समोर कपाटाचा आरसा. चोवीस वर्षं पुढं तोंड करून मागच्या दाराशी कोण लोंबकळतंय ते ओळखणारा माणूस तो. आरशात त्याला पोर दिसली. तिच्या मागं उघड्या दारातून व्हॅन दिसली. आत कोंबलेली पोरं, खिडकीतून बाहेर आलेली डोकी, व्हॅनच्या पायरीवर उभा असलेला नातू. कंडक्टरची पाठ ताठ झाली.

"पुढे सरका!" तो खणखणीत ओरडला. "पुढे सरका!"

तीन वर्षांत पहिल्यांदा ते दोन शब्द नेमक्या जागी पडले होते. आणि व्हॅनमधली पोरं, आज्ञाधारक बिचारी, खरोखर पुढं सरकली. व्हॅनच्या दारापाशी एका माणसापुरती जागा झाली.

मग त्यानं डाव्या हातानं दोरी ओढली. टण. टण.

"दोन टोले म्हणजे काय गं?" मावशी मागं वळून न बघताच म्हणाली. "तुझ्याच वहीत आहे. पान नऊ. मी वाचलंय हं सगळं, टेबलाखाली घालायच्या आधी. पुठ्ठ्यातला तो कागद पण वाचला. तो काढून कपाटात ठेवलाय, चुरगळायला नको म्हणून."

"बाबा, मी आता आलेच आहे तर..." मेट्रन म्हणाली.

टण. टण.

"निदान दूध तरी..."

टण टण. टण टण. बाहेर सरांचं काय झालं कोण जाणे, जन्मभर बसनं फिरलेला माणूस, दोन टोले ऐकताच त्यांचा हात आपोआप गिअरवर गेला आणि व्हॅन हलली. मेट्रनला पळतच चढावं लागलं.

उरलेले तीन दिवस ती शिबिरात राहिली. शेवटच्या दिवशी पुन्हा रस्सीखेच झाली, आणि शिट्टी वाजताच तिनं अशी काही दोरी ओढली की समोरचे सातही वाळूत तोंडावर आले. सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "लागलं का रे?" असं मेट्रननं विचारलं खरं, पण रुमाल आपल्या बाजूला पुरता आल्यावर.

सातव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. मावशीची पिशवी दाराशी तयार होती. ती जाताना वही परत द्यायला लागली, तर टेबल डुगडुगलं. "राहू दे इथंच," मेट्रन म्हणाली.

"पंधरा दिवसांनी पुन्हा येईन म्हणून सांगितलंय मी संस्थेत," मावशी कंडक्टरला म्हणाली. "किलवरची अठ्ठी घेऊनच येते."

"लबाड," कंडक्टर प्रेमानं म्हणाला.

मग दोघंच उरली. मेट्रननं पत्ते पिसले, पेटीच्या खाचांत बापाची पानं उभी केली. डाव रंगला. संपत आला तेव्हा तिच्या हातात इस्पिकची दश्शी होती, बसत होती, पण ती लावली असती तर तिची पानं आधी संपली असती. तीन वर्षांची सवय सात दिवसांत जाते का?

"पास," ती म्हणाली.

टण. एकच टोला.

कंडक्टर तिच्याकडं बघत होता. डोळे बारीक, तोंड वाकडं, झटक्यानं वाकडं झालेलं नव्हे, रागानं. "लबाड," तो हळूच म्हणाला. मावशीला म्हणायचा तसंच.

मेट्रननं इस्पिकची दश्शी काढून लावली. मग गुलाम, मग राणी. बापानं पेटीतून पानं उपसली, आपटली, चरफडला. चार फेऱ्यांत तिच्या हातात काही उरलं नाही, आणि त्याच्या पेटीत पाच पानं उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा कंडक्टर हरला. तिनं घाबरत त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

कंडक्टर दात विचकून हसत होता. तिकीट चुकवणारा पकडल्यावर हसायचा तसा.

मेट्रन उठली आणि कपाटातून फॉर्म काढून आणला. टेबलावर पसरला, घडी तळव्यानं सपाट केली. "बाबा," ती म्हणाली, "उद्या शेवटची तारीख आहे. मेकॅनिकचा कोर्स. दोन वर्षं. मावशी येईल, मी शनिवार-रविवार येईन. भरू?"

टण. टण.

"मग आधी हा भरते."

टण.

ती चमकली. "आता काय झालं? आत्ताच तर हो म्हणालात!"

कंडक्टरनं डाव्या हाताच्या कोपरानं फॉर्म बाजूला सारला आणि पत्त्यांचा गठ्ठा तिच्यापुढं ढकलला. हरलेला माणूस होता तो. त्याला आधी उट्टं काढायचं होतं.

फॉर्म तासाभरानं भरला गेला. तेवढ्यात मेट्रन दोन डाव हरली होती. एकही मुद्दाम नाही.